बेसा, बेलतरोडी, जामठा: सगळे वर्धा रोडकडेच काऊन सरकून राहिले?

महालकर_०७

नमस्कार मंडळी. पेपरची पुरवणी उघडा नाहीतर मोबाइल, जाहिरात एकच, नागपूरच्या दक्षिणेची: बेसा, पिपळा, घोगली, बेलतरोडी, शंकरपूर, जामठा. आधी शेतं होती तिथं आता डुप्लेक्सच्या रांगा दिसतात. ऑफिस मिहानमध्ये (विमानतळालगतचा उद्योग-आयटी पट्टा), राहणं महालात, त्यामुळे तिकडं घर घ्यायचा विचार सुरू आहे. बजेट ५० लाखांच्या आत.

जाणकारांना विचारायचं ते हे. लोक तिकडं जाण्याचं खरं कारण काय, आणि जाहिरातीपुरतं कारण कोणतं? फ्लॅट घ्यावा की १५०० फुटांचा प्लॉट घेऊन बांधावं? प्लॉटवाले "आरएल होऊन जाईल" म्हणतात, म्हणजे नेमकं काय होऊन जाईल? आणि उन्हाळ्यात तिकडं पाणी राहते का? "आमच्याकडे सगळं छान आहे" असे अनुभव नकोत, बघायचं काय ते सांगा.

---

दक्षिणायन

महालकर भाऊ, पहिलं कारण रोजगाराची दिशा. मिहान, त्यातल्या आयटी कंपन्या, एम्स, आयआयएम, पुढं बुटीबोरीची एमआयडीसी, वारंग्याला ट्रिपल आयटी आणि विधी विद्यापीठ, जामठ्याला कॅन्सरचं मोठं रुग्णालय. हे सगळं एकाच बाजूला, वर्धा रोडवर. इतवारी, महाल, सक्करदऱ्यातून रोज तिकडं जायचं म्हणजे सकाळी अख्खं शहर ओलांडायचं. बेस्यावरून मिहान गाठायला बर्डी, म्हणजे मधलं सीताबर्डी, लागतच नाही, हा खरा फायदा.

दुसरं कारण जाहिरातीत कधीच येत नाही. चंद्रपूर, यवतमाळ, वर्ध्याकडची नोकरदार मंडळी निवृत्तीनंतर नागपुरात घर बघतात. मुलं पुण्या-बंगळुरूला, दवाखाना जवळ पाहिजे, विमानतळ जवळ पाहिजे, आणि गावाकडे जायचा रस्ता वर्धा रोडवरूनच निघतो. त्यांना कामठी रोडला घर घेऊन काय करायचं? दक्षिणेकडच्या मागणीत या लोकांचा वाटा मोठा आहे. म्हणूनच तिथं लिफ्ट असलेले दोन बेडरूमचे फ्लॅट एवढे निघतात.

तिसरं, पार्किंग. महालातल्या वाड्यात किंवा धरमपेठेतल्या जुन्या अपार्टमेंटमध्ये गाडी कुठं लावणार? घरटी दोन दुचाकी आणि एक कार झाली की माणूस आपोआप बाहेर सरकतो.

आता मेट्रोचं. खापरी ते सीताबर्डी मार्ग मार्च २०१९ मध्ये सुरू झाला, ११ डिसेंबर २०२२ ला पहिला टप्पा पूर्ण झाला. गाडी चांगली आहे, वेळेवर आहे. पण बेसा आणि पिपळा मेट्रोवर नाहीत. उज्ज्वलनगर असो की विमानतळाची स्टेशनं, बेसा चौकातून चार-पाच किलोमीटर दुसरं काहीतरी वाहन लागतेच. "मेट्रोपासून ५ मिनिटं" हे रात्री अकरा वाजता मोकळ्या रस्त्यावर कारने मोजलेलं असते. मेट्रोसाठीच जायचं तर खापरी-जामठ्याचा पट्टा बघा. दुसऱ्या टप्प्यात मार्ग मिहानपासून बुटीबोरीपर्यंत जाणार आहे, तो तिकडूनच जाईल.

समृद्धीचंही तसंच. महामार्ग शिवमडक्यापासून सुरू होतो हे खरं, पण मुंबईला रोज कोण जाते? त्याचा भाव घराच्या किमतीत मोजू नका.

---

सातबारा_वाचक

"आरएल होऊन जाईल" याच्यावर नीट लिहितो. अर्ध्या फसवणुकी या तीन शब्दांत आहेत.

शेतजमिनीचा प्लॉट व्हायला पायऱ्या आहेत. आधी जमीन विकास आराखड्यात रहिवासी झोनमध्ये पाहिजे. मग जमीन अकृषिक करणं, मग लेआऊटचा नकाशा मंजूर. मंजुरी सहसा तात्पुरती असते. त्यानंतर लेआऊटवाल्याने रस्ते, नाल्या, विजेचे खांब, पाण्याची लाइन करायची, विकास शुल्क भरायचं, तेव्हा कुठं प्राधिकरण प्लॉट मोकळे करते. त्याचं पत्र म्हणजे रिलीज लेटर, आपल्या भाषेत आरएल. ते टप्प्याटप्प्यानेही मिळते: ६० प्लॉटपैकी २५ मोकळे झाले, बाकीचे अडकून आहेत, असं अगदी नेहमीचं. म्हणून "लेआऊट मंजूर आहे" आणि "तुमच्या प्लॉट नंबरचं आरएल आहे" या दोन वेगळ्या गोष्टी. पत्रावर आपला खसरा (जमिनीचा सर्व्हे) नंबर आणि आपला प्लॉट नंबर स्वतः वाचा.

दुसरी जात गुंठेवारीची. नागपुरात "५७२" आणि "१९००" लेआऊट हे आकडे ऐकले असतील, ते हेच: मंजुरी न घेता पाडलेले लेआऊट, २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित करायला घेतलेले. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची प्रकरणं त्यात आली. इथं प्लॉटधारकाला डिमांड, म्हणजे शुल्क भरायची नोटीस मिळते, ती भरली की आरएल. विकणारा बरेचदा डिमांडची पावती दाखवतो. पावती म्हणजे आरएल नव्हे. आणि उद्या नवीन लेआऊट पाडून "गुंठेवारीत नियमित करून घेऊ" असं कोणी म्हणत असेल तर उठून यायचं.

तिसरी जात ग्रामपंचायतीच्या प्लॉटची. घराला नमुना ८ वर नोंद आहे, कर भरला जातो, सरपंचाच्या सहीचं नाहरकत आहे. नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे. त्याने मालकीही सिद्ध होत नाही आणि बांधकामाची मंजुरीही मिळत नाही. महानगर क्षेत्रातल्या ७१९ गावांसाठी २०१७ पासून एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहे. आता बेसा-पिपळा नगरपंचायत आहे, हुडकेश्वर-नरसाळा महापालिकेत गेले, त्यामुळे कोणत्या मौजाला कोणाचा नकाशा चालतो हे गावागणिक बदलते. झोन दाखला आणि भाग नकाशा मागवला की झोन, डीपी रोड (विकास आराखड्यातला रस्ता) आणि आरक्षण तिन्ही एकदम कळतात. मौजा आणि खसरा नंबर द्यायचा, बास.

फाइल तपासताना क्रम असा ठेवा. सातबारा काढा, त्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २ ते बघा. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री अडकते. "इतर हक्क" हा रकाना सगळ्यात शेवटी असतो आणि सगळ्यात जास्त तोच बोलतो: बँकेचा बोजा, कूळ, वारस, न्यायालयातलं प्रकरण, सगळं तिथं. मग फेरफार एकामागे एक जुळवा. मधला एक जरी गायब असला तर पटवाऱ्याकडून नक्कल मागा. भावाभावांच्या वाटणीत बहिणींची नावं कमी झाली असतील तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे का ते बघा. नुसतं साध्या कागदावर "आमची हरकत नाही" लिहिलेलं असेल तर दहा वर्षांनी भाचा उभा राहतो.

त्यानंतर वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल. स्वतःही ऑनलाइन इंडेक्स २ (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सारांश) काढून बघा, एकच प्लॉट दोघांना विकल्याची प्रकरणं तिथंच उघडी पडतात. मुख्त्यारपत्र, ताबापत्र, इसारपत्र यांवर प्लॉट घेऊ नका. मुख्त्यारपत्रावरच्या अशा "विक्री"ने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगून टाकलं आहे.

आणखी एक जागा जिथं लोक चुकतात. लेआऊटमध्ये मोकळी जागा सोडावी लागते, मोठ्या लेआऊटला १० टक्के. काही वर्षांनी त्याच मोकळ्या जागेवर "उरलेले प्लॉट" म्हणून विक्री होते, तीही जरा स्वस्तात आणि बगिच्याला लागून. मंजूर नकाशावर आपला प्लॉट हाताने दाखवून घ्या. विकणाऱ्याने रंगीत छापलेल्या पत्रकावर नाही, शिक्क्याच्या नकाशावर.

---

मुरूम_आणि_माती

कागदावर वरती सविस्तर आलंच आहे, मी जमिनीखालचं सांगतो.

बेसा-पिपळा-घोगलीकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली बेसॉल्ट. काळी माती किती खोल आहे यावर तुमच्या पायाचा खर्च ठरते. कुठं तीन फुटांवर मुरूम लागतो, कुठं आठ-दहा फूट नुसती काळीच. शेजारच्या प्लॉटवरून अंदाज बांधू नका, मधून जुना नाला बुजवलेला असू शकते. सौदा करण्याआधी जेसीबीने एका कोपऱ्यात आणि त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यात असे दोन खड्डे घ्या. तासाभराचं काम आहे. मे महिन्यात गेलात तर खड्ड्याचीही गरज नाही: रिकाम्या प्लॉटवर दोन बोटं जातील एवढ्या भेगा दिसल्या की समजा माती जबरदस्त फुगणारी आहे.

ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. घराच्या मधोमध जमीन झाकलेली, तिथला ओलावा टिकतो. कडेची माती मात्र मार्च ते जून वाळत जाते आणि कोपरे खाली बसतात. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, वर रुंद, खाली बारीक. दरवर्षी लोक तिथं पुट्टी भरतात, दरवर्षी ती परत उघडते. तयार डुप्लेक्स बघताना नवीन रंगाखाली अशा तिरक्या रेषा शोधा, विशेषतः पश्चिमेच्या भिंतीवर.

बांधायचं असेल तर पाया मुरमात टेकला पाहिजे, काळ्या मातीत नाही. माती उथळ असेल तर खोल खोदून फूटिंग. खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे साधारण साडेतीन मीटर खोल पाइल, खाली गोळ्यासारखा फुगवटा, त्या गोळ्याचा व्यास दांड्याच्या अडीच पट. फुगवटा ज्या थरात असतो तिथला ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही, म्हणून घर हलत नाही. पाइलवर प्लिंथ (जोत्याचा) बीम टाकताना बीमखाली थोडी पोकळी ठेवायची, नाहीतर फुगलेली माती बीमलाच वर ढकलते. ठेकेदार ही पोकळी हमखास बुजवतो, कारण शटरिंग वाचते. तिथं उभं राहा.

प्लिंथमधलं भरण मुरमाचंच. पायातून निघालेली काळी माती परत आत टाकली तर दोन पावसाळ्यांत टाइल्स पोकळ वाजायला लागतात. भरण सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुम्मस करून. घराभोवती चार फुटांची फरसबंदी, उतार बाहेरच्या बाजूला. आणि भिंतीला लागून निलगिरी, पिंपळ असलं काही लावायचं नाही, ते माती अजून कोरडी करतात.

प्लिंथची उंची. नवीन लेआऊटमध्ये आज जो मुरमाचा रस्ता दिसतो तो शेवटचा रस्ता नाही. त्यावर गिट्टी, मग डांबर किंवा सिमेंट येणार. आजच्या रस्त्यापासून दीड फूट प्लिंथ ठेवली तर पाच वर्षांनी घर खड्ड्यात. अडीच-तीन फूट धरा. फ्लॅटला हाच नियम पार्किंगच्या रॅम्पला लावा. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरीकडे पूर येऊन काय झालं सगळ्यांना ठाऊक आहे. नाला कुठून जातो ते नकाशावर आणि जागेवर, दोन्हीकडे बघा.

शेवटचं, गटार. बऱ्याच नव्या लेआऊटमध्ये गटारलाइनच नाही, सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. पाच माणसांच्या घराला टँक आतून साधारण दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, पाण्याची खोली एक मीटर, आणि दोन-तीन वर्षांनी उपसायचा. टँकचं काही अडत नाही, अडते शोषखड्ड्याचं. काळी माती पाणी शोषतच नाही. खड्डा मुरमापर्यंत नेला नाही तर जुलैत तो भरून वाहतो आणि पाणी शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये. तिथून भांडणं.

---

बोअर_आणि_टाकी

मुरूम भाऊंच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून: बोअर आणि शोषखड्डा यांच्यात निदान ५० फूट अंतर ठेवायचं असतं. ३० बाय ५० च्या प्लॉटवर, चारही बाजूंना तशीच घरं असताना, हे गणित बसतच नाही. तुमचा बोअर मागच्या कोपऱ्यात, मागच्याचा शोषखड्डा त्याच कोपऱ्याला. म्हणून दाट लेआऊटमधलं बोअरचं पाणी प्यायला वापरण्याआधी तपासून घ्या, क्षारच नाही तर जिवाणूंचीही तपासणी.

पाण्याचा मूळ प्रश्न असा की नागपूर शहर पेंच आणि कन्हानच्या पाण्यावर चालते, पण शहराच्या बाहेरच्या नव्या लेआऊटपर्यंत ते नळाने पोचेलच असं नाही. पाइप टाकलेला दिसला म्हणून पाणी आलं असं समजू नका. विचारायचा प्रश्न एकच: "मागच्या मे महिन्यात नळाला किती दिवसाआड आणि किती वेळ पाणी होतं?" उत्तर बिल्डरकडून नको, शेजारच्या बिल्डिंगच्या चौकीदाराकडून घ्या.

फ्लॅटचा हिशेब करा. माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. चार माणसांचं घर ५४० लिटर. ४० फ्लॅटची स्कीम म्हणजे २१,६०० लिटर रोज. बोअर आटला तर १०,००० लिटरचे दोन टँकर रोज, तरी थोडं कमीच. त्यात आपल्याकडे कूलर. मोठा डेझर्ट कूलर मे महिन्यात दिवसाला ७०-८० लिटर सहज पितो, घरात दोन असले तर एका माणसाचं पाणी तेच पिऊन टाकतात. म्हणून सोसायटीची एप्रिल ते जूनची टँकरची बिलं मागा. बिल्डिंग नवीन असेल तर त्याच बिल्डरच्या जुन्या स्कीमची. मेंटेनन्स प्रतिफूट दोन रुपये सांगतात त्यात टँकर धरलेला नसतो.

बोअरचा भरवसा बेसॉल्टमध्ये कमीच. पाणी खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात असते, त्यामुळे ५० फुटांवर एक बोअर पाणी देतो, दुसरा कोरडा. खोल गेलं की पाणी लागतेच असं नाही, बरेचदा नुसता दगडाचा भुगा येते. जमलं तर छताचं पावसाचं पाणी गाळून बोअरलगत मुरवा. इथं वर्षाला १,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. १,००० चौरस फुटांच्या छतावर ते ९० हजार लिटरच्या पुढं जाते.

पाणी जड असेल तर खर्च वाढतो. प्यायच्या पाण्यासाठी क्षारांचं मानक ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. १,००० च्या पुढं असलं की गिझरची कॉइल, कूलरच्या जाळ्या आणि नळाच्या तोट्या पांढऱ्या पडतात. पाचशे रुपयांचं खिशातलं मीटर मिळते, फ्लॅट बघायला जाताना सोबत ठेवा. स्वयंपाकघरात नको, बाथरूमच्या नळाखाली धरा. स्वयंपाकघरात आरओ लावलेला असते.

---

महालकर_०७

खूप आभार सगळ्यांचे. दोन गोष्टी अजून. एकाने ४,५०० रुपये फूट, ११०० फूट, असा फ्लॅट सांगितला आहे. म्हणजे ४९.५ लाख. बजेटात बसते ना? आणि बुकिंगला पाच लाख नगदी मागतात, देऊ का?

---

सातबारा_वाचक

नाही बसत. ११०० हा सुपर बिल्टअप असणार, म्हणजे जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून. महारेराच्या (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) साइटवर त्या प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका, तिथं प्रत्येक फ्लॅटचा कार्पेट एरिया मिळते. समजा तो ७५० निघाला, तर तुम्हाला फूट पडला ६,६०० रुपयांना. दोन स्कीमची तुलना कार्पेटवरच करा. कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत.

४९.५ च्या वर काय काय चढते ते बघा. बांधकाम सुरू असेल तर जीएसटी ५ टक्के, म्हणजे जवळपास अडीच लाख. (किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट ९० चौरस मीटरच्या आत असता तर १ टक्काच लागला असता, तेव्हा साडेचार लाखांवरून घासाघीस करायला जागा आहे.) भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला तयार फ्लॅट असेल तर जीएसटी नाही. मुद्रांक शुल्क उपकर धरून साधारण ६ ते ७ टक्के, नेमका आकडा नोंदणी विभागाच्या ऑनलाइन गणकात मौजा टाकून काढा. घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे, पण ती तयार घरासाठी किंवा फ्लॅटसाठी, रिकाम्या प्लॉटला नाही. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार.

आणि टीडीएस, म्हणजे ५० लाखांपासून पुढच्या घराच्या किमतीतून कापून सरकारला भरायचा आयकर. लोकांना वाटते ४९.५ म्हणजे ५० च्या खाली, सुटलो. पार्किंग, क्लब, वीज-पाणी जोडणीचे पैसे किमतीतच धरतात. पार्किंगचे दीड लाख वेगळे लिहिले की ५१ लाख झाले, आणि पूर्ण रकमेवर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची, विकणाऱ्याची नाही. भरला नाही तर व्याज आणि दंड तुमच्या नावावर येतो.

पाच लाख नगदी अजिबात नाही. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि जे द्याल ते चेकने, प्रकल्पाच्या महारेरा खात्यावर. नगदीची पावती "सदिच्छा रक्कम" म्हणून कच्च्या कागदावर देतात, तिचा पुढं उपयोग शून्य.

---

दक्षिणायन

महालकर भाऊ, फ्लॅट बघायला दोनदा जा. एकदा सकाळी साडेनऊला, मिहानच्या दिशेने निघून वेळ मोजा. दुसऱ्यांदा दुपारी तीनला, पश्चिमेच्या खोलीत जाऊन भिंतीला हात लावा. आणि कूलर कुठं बसणार ते विचारा. नव्या स्कीममध्ये स्लायडिंगच्या खिडक्या आणि पुढं काचेचं दर्शनी काम, कूलर ठेवायला ना ओटा ना जाळी. कूलरला बाहेरची हवा ओढायला एक बाजू आणि आतली हवा निघायला समोरची खिडकी लागते. ती सोय नसेल तर मेमध्ये एसीशिवाय इलाज नाही, मग महावितरणचं बिलही हिशेबात धरा.

---

मुरूम_आणि_माती

आणि शक्य असलं तर तिसऱ्यांदा जुलैत, जोराचा पाऊस पडून गेल्यावर तासाभराने. अंडरपासमध्ये पाणी साचून गाड्या कुठं वळवल्या आहेत, लेआऊटच्या कोणत्या टोकाला रस्ता दिसत नाही आणि पार्किंगमध्ये मोटर लावून पाणी कोण काढून राहिला, तेवढं बघून या.